सहा गिटारी आणि एक मिनिट

तारीख अठ्ठावीस डिसेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. जागा बेव्हर्ली पार्कमधला दादांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. रक्कम चार लाख पस्तीस हजार. मागच्या वर्षीच्या यादीप्रमाणे दादांच्या सहा इलेक्ट्रिक गिटारींची ही मिळून किंमत. कामाची बाई सोडून हजर माणसं पाच: दादा, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, उत्तनचा आमचा एक मित्र, वरसाव्याला लग्नाचं लॉन चालवणारे शेठ, आणि यादी ठेवणारा मी.

आमचा सात जणांचा गट होता. सगळे पन्नाशीच्या आसपास किंवा पुढचे. कुणाकडे दोन गिटारी, कुणाकडे नऊ. बायकांना वाटायचं आम्ही दर महिन्याला जमून गाणी वाजवतो. तसं फार कमी व्हायचं. आम्ही गिटारी एकमेकांना दाखवायचो, वजन करायचो, स्क्रू काढून आतलं वायरिंग बघायचो आणि दुसऱ्याच्या गिटारीत खोट काढायचो. वर्षअखेरीला त्या सगळ्याची यादी व्हायची. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, म्हणून यादीचं काम माझ्याकडे आलं. गटात मला सगळे ‘कारकून’ म्हणत. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण मी कारकूनच आहे.

यादीत प्रत्येक गिटारीला एक ओळ. कुठली बनावट, रंग, वजन, मानेची रुंदी, कुठला भाग मूळचा, कुठला नंतर बदललेला, ओरखडे कुठे आणि किती, आणि शेवटी सर्वांनी मिळून ठरवलेली किंमत. ही किंमत नुसती शोभेची नव्हती. यादीतली गिटार कुणी विकायला काढली तर गटातल्या कुणीही त्या आकड्याखाली बोली लावायची नाही, असा आमचा आपसात शब्द होता आणि तो तोवर कुणी मोडला नव्हता. यादीबाहेरच्या गिटारीला मात्र ज्याला जे वाटेल ते द्यावं.

यादीत राहण्यासाठी एकच अट होती. दर डिसेंबरात मालकाने स्वतः प्रत्येक गिटार एक मिनिट, सलग, वाजवायची. मी ते फोनवर रेकॉर्ड करायचो. वाजवली नाही तर ती गिटार बाद. हा नियम दादांचा. “वर्षातून एक मिनिट वाजत नाही ती गिटार नव्हे, फर्निचर,” असं ते म्हणायचे, आणि म्हणताना हटकून कुणाकडे तरी बघायचे.

शेठ गटात पहिल्यांदा आले ते तीन अमेरिकन गिटारी घेऊन. तिन्हींवरची प्लास्टिकची साल अजून निघालेली नव्हती. बरोबर त्यांचा मेव्हणाही आला होता, गाडीतून खोकी वर आणायला. दादांनी ॲम्पची वायर शेठच्या हातात दिली.

“वाजवा.”

“दादा, मी फक्त जमा करतो. शौक है.”

“एक मिनिट.”

शेठनी दोन-तीन तारा ओढल्या, एक सूर लावायचा प्रयत्न केला आणि थांबले. मी घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद.

“फर्निचर,” दादा म्हणाले. “लॉनवर मांडा. पाहुण्यांना टेकायला होईल.”

मेव्हणा मोठ्याने हसला. आम्हीही हसलो. शेठनी गिटारी खोक्यांत भरल्या आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले. दोन वर्षांनी ते परत आले. मधल्या काळात त्यांनी घोडबंदर रोडवर कुणाकडे तरी शिकवणी लावली होती. त्यांनी एक चाल वाजवली, स्वच्छ, न चुकता, बरोबर एका मिनिटाची. मग दुसरी गिटार घेतली आणि तीच चाल वाजवली. तिसरीवर तीच. तेव्हापासून दर वर्षी, आता नऊ गिटारींवर, तीच. नियमात चाल वेगळी असावी असं कुठे म्हटलेलं नव्हतं, म्हणून मी सगळ्या नोंदल्या. दादा तिला ‘शेठचा पाढा’ म्हणायचे. शेठ वाजवायला बसले की दादा शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे, “बे एके बे.”

जुलैत दादांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, पण बोलण्यातली धार तशीच राहिली. गिटारीवर सूर डावा हात दाबतो, उजवा हात तार छेडतो. म्हणजे दादांचं वाजवणं संपलं. हे सगळ्यांना कळत होतं.

डिसेंबरच्या मध्यावर वहिनींचा मला फोन आला. दादांच्या दोन खोल्यांपैकी एक गिटारींची होती. तिथे एसी, हवेतली ओल शोषणारं मशीन, भिंतीवर सहा गिटारी. दादांच्या देखभालीला ब्युरोतून ठेवलेली बाई रात्री स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायची. तिचा पगार महिन्याला अठरा हजार.

“तुमच्या यादीतली किंमत मिळणार असेल तर सगळ्या काढून टाका,” वहिनी म्हणाल्या. “ते हो म्हणालेत.”

“दादा स्वतः हो म्हणाले?”

“मी विचारलं. ते गप्प राहिले. आमच्याकडे तेच हो.”

सहाच्या सहा घेण्याची ऐपत गटात एकट्या शेठची. त्यांनी तयारी दाखवली. मग प्रश्न एवढाच उरला की यंदाच्या यादीत त्या गिटारी दादांच्या नावावर आहेत की नाहीत. असतील तर शेठना चार लाख पस्तीस हजार द्यावे लागणार. नसतील तर ते म्हणतील तो भाव. मी वहिनी आणि शेठ दोघांनाही हे फोनवर सांगितलं आणि यादी बंद करायची शेवटची तारीख अठ्ठावीस ठरवली.

त्या दिवशी दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. उत्तनचा मित्र नाताळच्या फराळाचा डबा घेऊन आला होता. तो आमच्यातला एकटाच असा की ज्याने गिटार वाजवून पोट भरलं होतं. उत्तन-गोराईपासून वसईपर्यंत लग्नांत आणि सणांत तो बँडमधून वाजवायचा. शेठ सोफ्यावर टेकून बसले होते.

“बोला शेठ, पाढा पाठ आहे ना?” दादांनी सुरुवात केली.

“आज आपला नंबर है दादा,” शेठ हसून म्हणाले.

लाल गिटार आधी घ्यायची ठरली, कारण दादा तीच सगळ्यात जास्त वाजवायचे. उत्तनच्या मित्राने ती त्यांच्या मांडीवर ठेवली. दादांचा डावा हात उचलून गिटारीच्या मानेवर आणला आणि एकेक बोट तारेवर बसवलं. त्याने हात सोडला की बोटं घसरायची. पुन्हा बसवली. दादांनी उजव्या हाताने तारा छेडल्या. अर्धवट दाबलेल्या तारांचा नुसता खट खट आवाज आला. ॲम्पमुळे तो खोलीभर झाला.

“सात सेकंद,” शेठ म्हणाले. त्यांनीही घड्याळ लावलं होतं.

“हात बसव नीट,” दादा मित्रावर ओरडले. “माशाला मीठ लावतोयस का?”

“बसवतो दादा. घाबरायचं काम न्हाय.”

तिसऱ्या खेपेला हात मानेवरून सुटून मांडीवर पडला. दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “पुरे झालं. सकाळी चमचा धरवत नाही त्या हाताने.” दादांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग उत्तनच्या मित्राला सुचलं. त्याने गिटारीच्या खुंट्या पिळून तारा अशा लावल्या की काहीही न दाबता सगळ्या तारा एकदम छेडल्या तर पूर्ण सूर लागावा. डाव्या हाताची गरजच नाही. दादांनी उजवा हात फिरवला आणि खोलीत पहिल्यांदा गिटार वाजली. त्यांनी हळू सुरू केलं, मग ताल धरला. उजवा हात पूर्वीसारखाच होता. मी घड्याळाकडे बघत होतो. एक मिनिट झालं तरी ते थांबले नाहीत, आणखी चार सेकंद वाजवत राहिले. वहिनी आत येऊन खुर्चीवर बसल्या. त्या सकाळपासून उभ्या होत्या.

“झाली एक,” उत्तनचा मित्र म्हणाला. “आना दुसरी.”

शेठनी फोन खिशात ठेवला. “कारकून, लिहिली?”

मी लिहिली नव्हती. यादीच्या शेवटी नियमांचं एक पान आहे. त्यात वेळोवेळी दिलेले निकाल मी निकाल देणाऱ्याच्या शब्दांत उतरवून ठेवतो. तीन वर्षांपूर्वीचा एक निकाल तिथे होता, आणि तो दादांचा होता. उत्तनच्या मित्राचे वडील त्या वर्षी स्वतःची गिटार घेऊन आले होते. वय एक्याऐंशी, बोटं संधिवाताने वळलेली. त्यांनी तारा अशाच, न दाबता वाजतील अशा लावून आणल्या होत्या आणि एक मिनिट वाजवून दाखवलं होतं. दादा म्हणाले होते, “उघड्या तारांवर झाडू मारणं म्हणजे वाजवणं नव्हे. बाद.” म्हाताऱ्याने गिटार चादरीत गुंडाळली आणि मुलाच्या स्कूटरवर मागे बसून उत्तनला परत गेला. पुढच्या वर्षी तो नव्हता. ती गिटार यादीत कधीच आली नाही.

मी हे सगळं बोललो नाही. एवढंच म्हणालो, “उघड्या तारा ग्राह्य नाहीत असा निकाल आहे. तीन वर्षांपूर्वीचा.”

कुणाचा, ते सांगायची गरज नव्हती.

उत्तनचा मित्र माझ्याकडे वळला. “तुला आत्ताच आठवला?”

“मी विसरलो नव्हतो.”

“मी पन न्हाय विसरलो. माझाच बाप व्हता. पन मी गप बसलो हाय ना?”

“वा कारकून,” शेठ म्हणाले. “रूल म्हणजे रूल.”

वहिनी उठल्या. “अहो, खोडा ना ते. कॉम्प्युटरवरचंच आहे. कुणाचं काय जाणार आहे?”

निकाल बदलायचा अधिकार ज्याने दिला त्याला, असंही त्या पानावर आहे. मी दादांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. दादा नुसते ‘खोड’ म्हणाले असते तरी मी खोडलं असतं, आणि शेठनाही काही बोलता आलं नसतं. पाच मिनिटांचं काम राहिलं होतं.

“खोडा दादा,” उत्तनचा मित्र म्हणाला. “त्या वक्ताला माझ्या बापासाठी न्हाय खोडलं, आता तुमच्यासाठी खोडा. मी सांगतो. माझं काय म्हननं न्हाय.”

दादांची मान हलत होती. ते रागावले की झटक्यानंतर तशी हलायची. मला वाटलं हो म्हणतील.

“तुझ्या बापासारखं मला नोंदणार?” ते म्हणाले. “तुझा बाप झाडूच मारायचा. चांगले हात होते तेव्हाही.”

उत्तनच्या मित्राने लाल गिटार दादांच्या मांडीवरून उचलली. सोफ्याच्या कडेला बसून सहाच्या सहा खुंट्या परत पिळल्या आणि तारा नेहमीच्या सुरांत आणून ठेवल्या, एकेक कानाजवळ धरून, घाई न करता. मग गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या कड्या लावल्या.

“वहिनी, डबा राहू द्या,” तो म्हणाला. “केक हाय, दोन दिवसांत संपवा.” आणि गेला. तो पुन्हा गटात आला नाही. त्याच्या चार गिटारी यंदा यादीत नाहीत. मी फोन केला होता, त्याने उचलला नाही.

शेठनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “वहिनी, मी दोन लाख देतो. सहा के सहा. फर्निचरला कोण देतं एवढं?”

मी तोंडी हिशेब केला. यादीच्या किमतीच्या निम्म्यालाही साडेसतरा हजार कमी पडत होते. तसं मी वहिनींना सांगितलं.

“दुसरं कोण घेईल?” त्यांनी मला विचारलं.

“बाहेर जाहिरात दिली तर मिळतील जास्त. दोन-तीन महिने लागतील. लोक घरी येऊन बघतील.”

“म्हणजे आणखी तीन महिने ती बाई ओट्याखाली.” त्या शेठकडे वळल्या. “घेऊन जा.”

“थांब,” दादा म्हणाले. “माझ्या गिटारी आहेत. माझी एक अट आहे.”

“बोला ना दादा,” शेठ म्हणाले.

“लाल गिटार काढा. वाजवा. दोन मिनिटं.”

“नियम एकाच मिनिटाचा है.”

“नियम यादीचा. या फर्निचर आहेत. फर्निचरला मी म्हणेन तो नियम.”

शेठना नाही म्हणता आलं असतं. पण ते रंगात होते. त्यांनी गिटार काढली, वायर लावली आणि चाल सुरू केली. नेहमीसारखीच स्वच्छ. मिनिट संपलं आणि चाल संपली. शेठनी डावा हात मानेवर वर नेला, खाली आणला, एक तार दाबून बघितली, सोडली. पुढे काय वाजवायचं ते त्यांना येतच नव्हतं. मग त्यांनी तीच चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

“बे एके बे,” दादा म्हणाले.

आणि ते हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसत होती, लाळ गळत होती, पण हसू थांबेना. मीही हसलो. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ब्युरोची बाईसुद्धा हसली, तिला काय समजलं कोण जाणे. एकट्या वहिनी हसल्या नाहीत. त्या शेठच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

शेठनी वायर काढली, नीट गुंडाळून टेबलावर ठेवली.

“एक लाख ऐंशी,” ते म्हणाले.

“आत्ता दोन म्हणालात,” मी म्हणालो.

“ते हसायच्या आधी. उद्या आणखी कमी.”

“एक ऐंशी ठीक आहे,” वहिनी म्हणाल्या. मग दादांच्या तोंडाची लाळ पदराने पुसता पुसता, अगदी साध्या आवाजात, “झालं समाधान? वीस हजारांचं हसलात. बाईचा एक महिन्याचा पगार, वर दोन हजार.”

दादा म्हणाले, “स्वस्त पडलं.”

टेम्पो दुपारी आला. शेठच्या माणसांनी पेट्या उतरवल्या. लाल गिटार शेवटी नेली. दादा तोवर झोपले होते किंवा डोळे मिटून पडले होते. एसीच्या खोलीत भिंतीवर सहा खुंट्या राहिल्या; वहिनींनी बाईला लगेच तिथे तिचं अंथरूण घालायला सांगितलं आणि एसी बंद केला.

मी निघालो तेव्हा वहिनी लिफ्टपर्यंत आल्या.

“तुमची ती यादी वाचतं कोण हो?” त्यांनी विचारलं.

“आम्हीच. सात जण.”

“आता पाच,” त्या म्हणाल्या आणि लिफ्टचं दार लावून घेतलं.

मंगळवारी मी वरसाव्याला लॉनवर जाऊन सहा गिटारी शेठच्या नावावर नोंदल्या. तारीख उलटून गेली होती, पण मालक बदलल्यावर नवी नोंद कधीही करता येते. लॉनवर संध्याकाळच्या लग्नाच्या खुर्च्या मांडत होते. शेठनी सहा वेळा तीच चाल वाजवली, प्रत्येक गिटारीवर एक मिनिट, आणि मी सहा वेळा रेकॉर्ड केली. किंमत मागच्या वर्षीचीच लागली. यंदाच्या यादीत त्या गिटारी चार लाख पस्तीस हजारांच्या आहेत.

शेठनी मला फोनवर व्यवहार दाखवला, कारण मी आकडा बघितल्याशिवाय ओळ पूर्ण करत नाही. ठरले होते एक लाख ऐंशी हजार. टेम्पोचं भाडं विकणाऱ्याने द्यायचं असं त्यांचं म्हणणं. ते सातशे त्यांनी वळते करून घेतले होते. सातशे रुपये टेम्पोवाल्याला. एक लाख एकोणऐंशी हजार तीनशे वहिनींना.